दाजींना लागलेला संदेश

"बोटीवर पाणी चार दिवसांचं आहे. आज चौथा दिवस," ती म्हणाली. "आणि शोध थांबवलाय!"

खाजगी गुप्तहेर बारीकरावांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. तिचा नवरा छोट्या बोटीतून एकटाच गेला होता आणि ठरल्या दिवशी परतला नव्हता. रोज दुपारी बाराला तो मोर्समध्ये निरोप पाठवी आणि हौशी रेडिओ मंडळाचे मास्तर तो ऐकत. काल मास्तरांनी बचाव केंद्राला फीत ऐकवली : 'बेटावर सुखरूप. शोध नको.' शोधायला गेलेल्या बोटी लगेच माघारी आल्या.

"मग काळजी कसली?" बारीकरावांच्या बहिणीचे यजमान, दाजी, म्हणाले.

"त्याचा निरोप माझ्या नावाने संपतो. कालचा नाही संपला."

साडेअकराला तिघं मंडळाच्या खोलीत पोचली. तिचा दीर तिथेच होता.

"दादा आला नाही तर दुकान कुणाचं?" बारीकरावांनी विचारलं.

"माझं. पण मला मोर्समधलं ओ की ठो कळत नाही!"

"कळायला कशाला हवं? ते शिकवणीचं यंत्र आहे ना," दाजी उत्साहाने म्हणाले. सहा आठवडे ते इथे शिकत होते, प्रगती यथातथाच. "टाइप केलं की मोर्स वाजतं. अक्षर झटकन, मग ऐसपैस जागा. टिंबं मोजायची खोड मोडते. खरी माणसं सलग ठोकतात, त्यातलं मला काही लागत नाही."

"मास्तर, ती फीत तुम्हीच केलीत?" बारीकरावांनी पाठमोऱ्या मास्तरांना विचारलं. मास्तर टेबल पुसत राहिले. दिराने खांद्याला हात लावला तेव्हा ते वळले. बारीकरावांनी पुन्हा विचारलं, मास्तर त्यांच्या ओठांकडे बघत होते.

"त्याचाच हात," फीत लावत मास्तर म्हणाले. "ठोकण्याच्या ढबीवरून हजारात ओळखीन."

दाजी पेन्सिल घेऊन बसले आणि एकदम ओरडले, "अहो, सगळं लागलं! पहिल्यांदाच!"

"रागावू नका दाजी, पण तुम्हाला लागलं म्हणजे ते माणसाने ठोकलेलं नाही. ऐसपैस जागा सोडणारं हे यंत्र आहे." बारीकराव मास्तरांसमोर उभे राहिले. "दिराला टाइप करता आलं असतं. पण रोज या यंत्रावर शिकवणारा माणूस यंत्राच्या आवाजाला 'त्याचाच हात' म्हणेल? तुम्ही खोटं बोलताय, आणि तुम्हाला ऐकूही येत नाही. मघाशी तुम्ही वळला नाहीत."

मास्तरांनी फीत बंद केली. "कान गेलेत. तो काय पाठवत होता, मला ठाऊकच नाही, म्हणून मीच यंत्रावर टाइप केलं. बहिऱ्याला मास्तर म्हणून कोण ठेवील? वाटलं, येईल तो परत."

"तुमच्या मास्तरकीवर माझा नवरा ओवाळून टाकलात?" तिचा आवाज फाटला.

बाराला पाच कमी होते. बारीकरावांनी बचाव केंद्राला फोन लावून निरोप येतो ती नेमकी फ्रिक्वेन्सी सांगितली. अर्थ लागला नाही तरी चालणार होतं, आवाज आला की केंद्राला दिशा सापडते.

दाजींनी हेडफोन चढवले. बारा वाजले. बारा-दोन. बारा-चार. तिने टेबलाची कड घट्ट धरली होती.

दाजी ताठ झाले.

"काय म्हणतोय?"

"एक अक्षर लागत नाही हो, ताई!" दाजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "एकसुद्धा नाही!"

फोनवर केंद्राचा माणूस दिशा सांगू लागला. तिने हेडफोन ओढून घेतले. तिला मोर्समधला एकच शब्द येत होता, तो शेवटी यायचा होता. ती थांबून राहिली.

"आलं," ती म्हणाली.