कुंपणाकडची सहा झाडं

धावड्याच्या सलीमचाचांच्या बागेत सीताफळाची एकशे चाळीस झाडं आहेत. गेल्या तीन वर्षांत सगळ्यांना भरपूर फुलं आली. फळं धरली ती फक्त सहा झाडांना. ही सहाही झाडं दक्षिणेच्या कुंपणाला लागून, शेजारी-शेजारी आहेत.

एवढं वहीत लिहून कहकशाने पेनाला टोपण लावलं.

"बस, एवढंच?" रामकिसन जमादारांनी विचारलं. "चाचा तर अर्धा तास बोलून राह्यले."

"खात्रीचं एवढंच आहे. बाकी त्यांचं मत."

कहकशाने जालन्याच्या एका बियाणे प्रयोगशाळेत दहा वर्षं काढली होती. आता ती स्वतंत्रपणे काम करत असे. पीक का गेलं ते शोधायचं आणि एका कागदावर कारण लिहून द्यायचं. जमादार पोलिसातून निवृत्त झाल्यावर तिची जीप चालवू लागले होते. गुन्हा आहे तिथे माणूस असतोच, हे त्यांचं तीस वर्षांच्या नोकरीचं सार होतं.

सलीमचाचा विहिरीच्या कठड्यावर बसले होते. सत्तरीकडे झुकलेले, हातात खराटा.

"बाग मैमूनाची," ते म्हणाले. "माझं भोकरदनला शिलाईचं दुकान. मी तिकडे, बायको इकडे. जुम्म्याला यायचो, फळं खायचो, दुसऱ्या दिवशी परत. ती म्हणायची, दुकान बंद करा, आता या. मी म्हणायचो, पुढच्या साली बिलकुल येतो. तीन वर्षांखाली, दिवाळीनंतर, ती गेली. मंग मी आलो."

"त्या दिवाळीला फळ होतं?"

"फांद्या मोडत होत्या, बेटी."

"पुढच्या वर्षापासून नाही?"

"न्हाई." त्यांनी खराट्याने विहिरीजवळच्या झाडाकडे दाखवलं. "हे तिनं निकाहच्या दुसऱ्या साली लावलेलं. पुढच्या बुधवारी आमेर, आमचा मुलगा, जेसीबी घेऊन येतोय. सगळं उपटायचं ठरलंय. माझं म्हणणं एवढंच, या झाडाचं एक फळ मला खाऊ द्या. एकच. मंग खुशाल उपटा."

"कुंपणाकडच्या झाडांना फळं येतात. ती खात नाही?"

चाचांचा चेहरा बदलला. "त्याला हात लावत न्हाई. पलीकडे उषाबाईचं घर. तिच्या अंगणासमोरच्या झाडांनाच फळ, आणि माझ्या बाकीच्या झाडांना न्हाई. याचा अर्थ लहान पोरालाही कळेल."

जमादारांनी कहकशाकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती.

झाडांखाली एक पान नव्हतं. खराट्याच्या रेघा झाडांच्या आळ्यांभोवती एकसारख्या उमटल्या होत्या. एका कोपऱ्यात राखेचा काळा डाग होता.

"रोज झाडता?"

"पहाटे फजरची नमाज झाली की. पान, गळलेलं फळ, सगळं जाळतो. मय्यतीच्या दिवशी इथं पाय ठेवायला जागा न्हवती. सडकी फळं, माशा, घाण. भोकरदनचे लोक नाकाला रुमाल लावून उभे. मैमूना पडलेलं कधी उचलायची न्हाई. म्हणायची, झाडावरचं आपलं, पडलेलं जमिनीचं. मला लाज वाटली. तिच्या बागेला कुणी नाव ठेवू नये. त्या दिवसापासून एक दिवस चुकलो न्हाई."

"औषध फवारता?"

"तिनं कधी फवारू दिलं न्हाई. मीही न्हाई."

कहकशा बागेच्या मधोमध गेली. सीताफळाची फुलं हिरवट, जाड पाकळ्यांची, खाली मान घालून लोंबणारी. तिने पाकळ्या उकलून वीस फुलं पाहिली आणि वहीत शून्य लिहिलं. मग कुंपणाकडच्या सहा झाडांपैकी एकाखाली तिने पांढरा रुमाल धरला आणि फुलं टिचकीने हलवली. रुमालावर तपकिरी रंगाचे, मोहरीपेक्षा जरा मोठे भुंगेरे पडले आणि सैरावैरा पळाले.

"कीड!" जमादार म्हणाले. "म्हणजे याच झाडांना कीड, आणि यांनाच फळ? उलटंच की, ताई."

"वास घ्या." तिने एक फूल त्यांच्या नाकाशी धरलं.

"फुलासारखा न्हाई हो. पिकून उतरलेल्या फळासारखा येतोय."

तिने ते वहीत लिहिलं आणि वही मिटली. जमादारांना तिची ही सवय ओळखीची होती आणि तिचा त्यांना रागही येत असे.

उत्तरेच्या बांधापलीकडे हरिओमचं सोयाबीन होतं. शेती-औषधांचं दुकानही त्याचंच. तो पाठीवर पंप घेऊनच समोर आला.

"फवारतो की, माझ्या शेतात. चाचांच्या बागेशी माझं काय वाकडं? उलट मागच्या साली मधमाशांच्या चार पेट्या मीच आणून दिल्त्या. म्हटलं, माशा फिरतील, फळ धरेल."

"धरलं?"

"कशाचं! माशांनी माझ्या तिळावर मजा केली. सीताफळाकडं ढुंकून पाह्यलं न्हाई."

जीपकडे परतताना जमादारांचा निकाल तयार होता. "वारा उत्तरेकडून. याचं औषध बागेवर जातं, किडे मरतात. दक्षिणेची झाडं लांब, म्हणून वाचली. सोपं हाय."

"दक्षिणेच्या ओळीत झाडं किती, काका?"

"सहा."

"चौदा. फळं सहांना. उरलेल्या आठांनी काय पाप केलं? आणि उत्तरेच्या बांधाला कोळ्यांची जाळी आहेत, मुंग्या आहेत, फुलपाखरं आहेत. औषध इतकं निवडून मारत नाही."

उषाबाईंचं अंगण त्या सहा झाडांच्या बरोबर समोर होतं. फांद्या कुंपणावरून अलीकडे आल्या होत्या. खाली उकिरडा: शेण, पपईच्या साली, आंब्याच्या कोयी, आणि त्यांच्यात मागच्या हंगामातल्या सीताफळांच्या काळ्या कवट्या. आंबूस वास दरवाजापर्यंत येत होता.

"आलात का मला धरायला?" उषाबाई शेळीला चारा टाकत म्हणाल्या. "या. बेड्या आणल्यात का, जमादार?"

"रिटायर झालो, बाई."

"मंग बसा. चहा घ्या."

कहकशाने फळांच्या कवट्यांकडे बोट दाखवलं. "ही फळं तुमच्या अंगणात पडतात. तुम्ही खात नाही?"

"न्हाई."

"विकत नाही?"

उषाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मैमूनाभाबी दर दिवाळीला ह्या कुंपणावरून टोपलं द्यायची. मी इकडून करंज्या द्यायची. हातात दिलेलं मी खाल्लंय, पडलेलं कधी उचललं न्हाई. ती गेली तवा वाटलं, सलीमभाई देतील. त्यांनी तर कुंपणाकडं बघणंच सोडलं. आता फळं पडत्यात, सडत्यात. मी हात लावत न्हाई. कुणी दिल्याशिवाय कसं घ्यावं?"

"झाडून टाकायचं तरी."

"कशाला? तिची हायती. राहू द्या." मग एकदम आवाज चढवून, "आन् म्हणत्यात मी करणी केली! करणी येत असती तर भाबीला जाऊ दिलं असतं का मी?"

कहकशाने चहा संपवला. "मला तुमच्या उकिरड्यातलं एक घमेलं भरून पाहिजे. सडलेली पपई वरती."

जमादारांचा हात कपाळावर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मऊ ब्रश आणि रंगीत दोरे घेऊन आली. विहिरीजवळच्या झाडावर तिने काल पूर्ण उमललेल्या फुलांतला पराग वाटीत झाडून घेतला आणि आज जेमतेम उघडू लागलेल्या दहा फुलांना ब्रशने लावला. त्यांना लाल दोरा. दुसऱ्या दहा फुलांना नुसताच पांढरा दोरा, बाकी काही नाही. दक्षिणेच्या कुंपणापासून नऊ ओळी दूर, बागेच्या उत्तर टोकाच्या एका झाडाखाली घमेलं ठेवून वरच्या दहा फुलांना तिने निळा दोरा बांधला.

"त्याच फुलातला पराग त्याच फुलाला का न्हाई?" जमादारांनी विचारलं.

"फूल आधी पराग घ्यायला तयार होतं. त्याचा स्वतःचा पराग सुटतो तो नंतर. तोवर घ्यायची वेळ गेलेली असते."

"म्हणजे नवरा घरी आला तवा बायको निघून गेलेली," जमादार हसले.

हसून वळले तर मागे सलीमचाचा खराटा घेऊन उभे होते. चाचा घमेल्याकडे निघाले तेव्हा कहकशाने त्यांना अडवलं.

"पुढच्या बुधवारपर्यंत त्या झाडाखाली झाडायचं नाही, चाचा."

"ती घाण तशीच ठेवायची?"

"तशीच."

त्यांच्यासाठी ते कठीण होतं, हे त्यांच्या हाताच्या पकडीवरून दिसत होतं.

राहिला आमेर. जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात तो पाळीप्रमुख होता. फोनवर त्याने आडपडदा ठेवला नाही. "मी का विष घालीन, कहकशाबाजी? मला अब्बा पाहिजेत, जमीन न्हाई. तीन वर्षं ते एकटे तिथं जमीन झाडून राह्यले. बाग गेली तर माझ्याकडं येतील. फळ धरलं तर मी जेसीबी परत पाठवतो, कसम."

बुधवारी जेसीबी फाटकाशी उभं राहिलं. आमेर आला. हरिओम बांधावरून पाहत होता. कहकशाने उषाबाईंनाही बोलावलं होतं. त्या कुंपणापलीकडेच थांबल्या.

कहकशा विहिरीजवळच्या झाडाकडे गेली. "पांढरे दोरे मोजा, काका."

"दहा दोरे. फुलं गळाली. एकही न्हाई."

"लाल."

जमादार वाकले. फुलांच्या जागी वाटाण्याएवढ्या हिरव्या गाठी होत्या. "नऊ. नऊ धरली की हो!"

"म्हणजे झाड निरोगी आहे. माती, पाणी, पराग, सगळं ठीक. कुणी विष घातलेलं नाही, करणी केलेली नाही. झाडाला कमी होती ती फक्त पराग एका फुलातून दुसऱ्या फुलात नेणाऱ्याची. मी आठ दिवसांपूर्वी ते काम ब्रशने केलं. एरवी ते कोण करतं?"

"मधमाशा," हरिओम बांधावरून म्हणाला.

"तुमच्या चार पेट्यांनी ते खोटं ठरवलं. हे फूल मधमाशीला बोलवत नाही. त्याचा वास पिकून उतरलेल्या फळाचा आहे. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या वासाला कोण येईल? जो सडक्या फळात राहतो तोच. कुंपणाच्या फुलांत तपकिरी भुंगेरे होते, मधल्या वीस फुलांत एकही नव्हता. ते कीड नाहीत, काका. तेच पराग नेतात. त्यांची अंडी-पिल्लं सडक्या फळात वाढतात."

ती बागेच्या टोकाकडे चालू लागली. सगळे मागोमाग गेले. घमेल्याभोवती मातीवर तपकिरी ठिपके हलत होते. निळ्या दोऱ्यांपैकी सहांवर गाठी धरल्या होत्या.

"भुंगेरा फार लांब जात नाही. चौदांपैकी सहाच झाडं का, याचं उत्तर कुंपणापलीकडे आहे. त्या सहांची फळं उषाबाईंच्या अंगणात पडली आणि त्यांनी ती झाडली नाहीत. कारण त्या कुणीतरी हातात देण्याची वाट पाहत होत्या. त्या फळांत आणि उकिरड्यात भुंगेरे जगले. बाकीच्या बागेत त्यांना घरच उरलं नाही."

चाचांना कळायला क्षण लागला. ते हातातल्या खराट्याकडे पाहत राहिले.

"मैमूना म्हणायची, पडलेलं जमिनीचं," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, तिला वाकायचा कंटाळा."

"त्यांना भुंगेरे ठाऊक होते की नव्हते, सांगता येत नाही," कहकशा म्हणाली. "पण सवय बरोबर होती."

"मंग मीच."

कहकशाने वाकून घमेलं झाडाच्या बुंध्याशी सरकवलं. आमेरने जेसीबीवाल्याला हाताने मागे फिरायची खूण केली आणि बापाच्या हातातला खराटा घ्यायला गेला. चाचांनी तो दिला नाही. दक्षिणेच्या कुंपणापर्यंत चालत जाऊन त्यांनी तो खांबाला टेकवून ठेवला. पलीकडे उषाबाई उभ्या होत्या.

"उषाभाभी," ते म्हणाले. त्यांनी हात कुंपणावर ठेवला.

"अजून फळ यायला दिवाळी हाय, सलीमभाई," उषाबाई म्हणाल्या. "मी कुठं जात न्हाई."

"विहिरीजवळच्याचं पहिलं माझं," चाचा म्हणाले. "दुसरं तुमचं. हातात देईन."

भोकरदन मागे पडल्यावर जीपमध्ये जमादार म्हणाले, "तीस वर्षांत असा गुन्हेगार पाह्यला न्हाई, ताई. रोज पहाटे उठून, एक दिवस न चुकता."

कहकशा लिहीत होती. कागद नेहमीप्रमाणे एकच होता.

"बाग: सीताफळ, धावडा. झाडं एकशे चाळीस, निरोगी. तक्रार: फुलं येतात, फळ धरत नाही. कारण: तीन वर्षं गळलेलं फळ रोज झाडून जाळलं गेलं. त्यामुळे त्या फळांत वाढणारे भुंगेरे बागेतून नाहीसे झाले आणि फुलांपर्यंत पराग पोहोचला नाही. उपाय: पडलेलं फळ जमिनीवरच राहू द्यावं."

सही करण्याआधी तिने 'जाळलं गेलं'च्या आधी एक शब्द घातला, कारण त्याशिवाय कारण पुरतं लिहिलं गेलं नसतं: "प्रेमाने."