घटनास्थळ: घर

दवाखान्याच्या तळघरात नोंदींची खोली होती, आणि तिथे बसणाऱ्या बाईला सगळे टाचणी म्हणत. बारीक होती म्हणून नव्हे, टोचायची म्हणून! डॉक्टरांनी खरडलेले कागद वाचून प्रत्येक जखमेला योग्य तो कोड द्यायचा, हे तिचं काम. बोटाला सुई टोचली, एवढ्यावर तिथे भागत नाही. कुठलं बोट, नख शाबूत आहे का, टोक आत राहिलं का, आणि टोचलं कुठे... एकेक चौकट भरावी लागते.

त्या दुपारी तिच्यापुढे मावशींची फाइल होती. मावशी म्हणजे वॉर्डातल्या चादरी बदलणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या, सगळ्यांच्याच मावशी. कुणीतरी चादरीत विसरलेली वापरलेली सुई त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात घुसली, जखम चिघळली आणि परवा त्या गेल्या.

दवाखान्याचे मोठे साहेब जिना उतरून आले. "घटनास्थळ 'घर' टाका. शिवताना टोचली म्हणे."

"कोण म्हणे?" टाचणी उसळली. "कागदावर चक्क 'वॉर्ड' लिहिलंय. सुई विसरणारा मोकळा, आणि खापर मेलेल्या बाईच्या डोक्यावर? तिच्या लेकीने जन्मभर ऐकायचं, की आई स्वतःच्या हलगर्जीपणाने मेली? मी नाही लिहिणार."

"मग मी भरतो," म्हणत साहेब आपल्या पासवर्डची चिठ्ठी आणायला वर गेले.

"जा, खुशाल जा," ती पुटपुटली. संतापाने तिचे डोळे भरून आले होते.

खोली हळूहळू गार पडली. आधी फिनेलचा वास आला. मग जिन्याकडे बादलीची कडी कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली... आणि थेट तिच्या खुर्चीमागे येऊन थांबली. टेबलावर एक ओला हात टेकला. मधलं बोट काळंनिळं, सुजून टम्म झालेलं.

"चादरीत होती गं पोरी... लिही..."

टाचणीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण जीभ थोडीच अडखळणार! "मावशी, मला कशाला घाबरवता? मी तुमच्यासाठीच भांडतेय ना? ज्याला घाबरवायचं, त्याच्याकडे जा की!"

हात उचलला गेला. टेबलावर पाच बोटांचे ओले ठसे उरले, ते तिने रुमालाने पुसून टाकले.

साहेब परत आले. चौकटीत 'घर' टाइप करून त्यांनी नोंद सेव्ह केली. "संपला विषय."

तोच पुढची नोंद आपोआप उघडली. रुग्णाच्या जागी साहेबांचं नाव. उजव्या हाताचं मधलं बोट, टोक आत राहिलेलं. घटनास्थळ: घर. वेळ: आज, रात्री सव्वाआठ.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते.

"ही... ही कसली थट्टा?"

"माझा हात तरी लागला का कुठे? घरी कोण असतं तुमच्या?"

"कोणी नाही. मी एकटाच..."

साहेबांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी बाहेर काढला. त्यावर नाव झळकत होतं, 'घर'.

टाचणीने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. मावशींच्या फायलीतलं 'घर' खोडून तिने 'वॉर्ड' लिहिलं आणि नोंद कायमची बंद केली. फोन वाजतच होता.

"आता... आता तरी थांबेल ना ती मावशी?"

"मला काय ठाऊक?" टाचणी म्हणाली. "उचला आणि विचारा."