घोट्यावरची पाच बोटं

दिवा राहू दे, पोरांनो. ऐकीव नाही ही गोष्ट, आमच्यासोबत कामाला असलेल्या रंगाऱ्याची आहे.

सोमवारची रात्र. बारा वाजता इस्पितळातल्या वॉर्डबॉयने, सगळ्यांच्या मामाने, रंगाऱ्याला भिंतीकडे कुशीवर वळवलं, पाठीला उशा लावल्या आणि तो खाली धुतलेल्या चादरी आणायला गेला.

रंगारी परांचीवरून मानेवर पडलेला. चार महिने छातीखाली काही कळत नव्हतं. हात लुळे, पूर्वी शिडीत चेंगरून करंगळी अर्धी झालेला उजवा हातही. जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. मामा मोठ्याने "एक, दोन, तीन" म्हणूनच वळवायचा.

"पोतं उचलताना मोजतं का कुणी, मामा?"

"पोतं बरं बाबा. बडबड तरी करत नाही."

मदतीला घंटी होती, उशीवरची, गालाने दाबायची. त्या रात्री मामा ती या बाजूला घ्यायला विसरला. घंटी राहिली डोक्यामागे.

सकाळी डॉक्टरीणबाई टाचणी टोचून बघणार होत्या. पायाला कळलं तर आणखी तीन महिने इथेच ठेवून व्यायाम. नाहीतर घरी. घरी बायको एकटी, दिवसभर कामावर. त्याला वळवणार कोण?

नाकासमोर भिंत. रंगाचा दुसरा हात नीट बसला नव्हता, पोपडे धरलेले. घामाचा थेंब डोळ्यात उतरला. पुसता येईना.

"मामा..."

छातीत दमच नाही. हाक उशीतच मुरली.

एक वाजला. दोन वाजले.

पाठीमागच्या उशा कुणीतरी काढल्या. दार नेहमी करकरतं. करकरलं नव्हतं.

"मामा? मोजत का नाहीस?"

...

डाव्या घोट्यावर हात पडला. गार.

गार लागलं?

त्याला लागलं! चार महिन्यांत पहिल्यांदा. एक, दोन... पाच बोटं. सोडावं म्हणून जीव तडफडतोय. सोडू नये म्हणूनही.

कूस वळली. समोर खोली.

रिकामी.

मग दार करकरलं. मामा, घामाघूम, चादरी छातीशी धरलेल्या. "लिफ्टमध्ये अडकलो रे! दोन तास! हाका मारून घसा..." आणि तो दारातच थबकला. "तुला वळवलं कुणी?"

...

सकाळी टाचणी फिरली. मांडीला नाही. गुडघ्याला नाही. डाव्या घोट्याला...

"आई गं!"

बायको तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. तीन महिने मिळाले! जिथे जिथे कळलं तिथे बाईंनी पेनाने ठिपके दिले. ठिपके जोडले तशी बाईंची मान हळूच वर झाली. पाच बोटं उमटली होती.

मामाने आपला पंजा लावून बघितला. बसेना. बायकोने लावला. बसेना.

ठिपक्यांत करंगळी अर्धीच होती.

बायकोने नवऱ्याचा लुळा उजवा हात उचलला, घोट्यावर टेकवला.

तंतोतंत बसला.