लाल म्हणजे उणे

तारेचं रीळ कॉरिडॉरमधून गडगडत आलं आणि बरोब्बर तिच्या पायाशी थांबलं.

"धरा! अहो, धरा ना!" मागून कुणीतरी धावत येत ओरडत होतं.

तिनं धरलं नाही. धरणार कशी? दोन्ही हातांत वितळलेल्या मेणाचं पातेलं होतं. तिनं सरळ रिळावर पाय ठेवला आणि ते दाबून धरलं.

"पायानं?" धापा टाकत येऊन थांबलेला तो कळवळला. "दोनशे मीटर तार आहे ती. जरा आदरानं..."

"मग बांधून ठेवायची. माझ्या हातात सत्तर अंशांचं मेण आहे. सांडलं असतं ना, तर सगळा आदर तुमच्या बुटांवर आला असता."

त्यानं बुटांकडे पाहिलं. मग पातेल्याकडे. मग तिच्याकडे... आणि तिथेच जरा जास्त वेळ थांबला.

"म्हणजे मेणबाई त्या तुम्हीच?"

"आणि तारवाले ते तुम्ही. सोमवारी येणार होतात. आज मंगळवार आहे."

झाली ओळख! आता या दोघांचं काम सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या कामामुळेच घडलं.

ती विद्यापीठाच्या उष्णता प्रयोगशाळेत संशोधन करत होती. गच्चीवर तिनं कमरेएवढी उंच स्टीलची पेटी उभी केली होती, आत मेण आणि मेणातून फिरणारी तांब्याची नळी. दिवसा उन्हानं तापलेलं पाणी नळीतून फिरायचं आणि मेण वितळायचं. संध्याकाळी ऊन गेलं की तेच मेण गोठता गोठता उष्णता परत द्यायचं. विजेचा एक कणही न जाळता वसतिगृहाला गरम पाणी! दोन वर्षं ती या पेटीच्या मागे होती, म्हणून 'मेणबाई'. पेटीत बारा ठिकाणी तापमान मोजणारे काटे होते. त्यांच्या तारा गच्चीवरच्या एका जोडपेटीत यायच्या आणि तिथून लांब तारांनी खालच्या खोलीतल्या नोंदयंत्रात जायच्या. त्या लांब तारा उन्हानं तडकल्या होत्या. नव्या टाकायला मॅडमनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, वीज विभागातून याला दोन आठवड्यांसाठी मागून घेतलं होतं.

पहिले दोन-तीन दिवस तो फार बोलायचा.

"हे मेण नेमकं करतं काय?" त्यानं तार सोलता सोलता विचारलं.

"अठ्ठावन्न अंशांना वितळायला लागतं. मग कितीही उष्णता आत जाऊ दे, सगळं वितळेपर्यंत आकडा अठ्ठावन्नवरून हलत नाही. शाळेत शिकला असाल. अप्रकट उष्मा."

"म्हणजे आतून पाणी पाणी झालंय... आणि चेहऱ्यावर पत्ता नाही?"

"मेणाला चेहरा नसतो."

"नाही, मी आपलं सहज..."

"सहज नको. बारा तारा आहेत. मोजून लावा."

मोजून म्हणजे मोजूनच लावल्या त्यानं. चहाही आणायचा. तिचा कप कामाच्या नादात नेहमी गार व्हायचा, म्हणून एक दिवस त्यानं उरलेल्या फोमच्या तुकड्यातून कपाच्या मापाचं गोल झाकण कापून आणलं. कडा इतक्या सफाईनं घासलेल्या की बोट फिरवत राहावंसं वाटावं.

"फोम पेटीसाठी मागवलाय," ती म्हणाली. "कपांसाठी नाही."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्या दिवसापासून तो बदलला. "हो." "नाही." "बघतो." बस्स! चहा टेबलावर ठेवायचा आणि चालू लागायचा.

झाकण मात्र तिनं टाकलं नाही. खणात ठेवलं, वह्यांच्या खाली. दिवसातून दोनदा तो खण कशासाठी उघडायची, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

घरी मात्र विचारणारी होती. धाकटी बहीण, दहावीत, कान भलतेच तिखट.

"ताई, जेवायला बसल्यापासून तू त्या तारवाल्याबद्दल अकरा वाक्यं बोललीस. मी मोजली."

"तक्रारी होत्या त्या."

"तेच म्हणते! तुला कुणी आवडलं की तू त्याला झाडून काढतेस. तुझं सगळंच उलटं."

"गप जेव."

"बारावं," धाकटी म्हणाली आणि आईकडे बघून डोळे मिचकावले.

शनिवारी तारा जोडून झाल्या. दिवस ढगाळ होता, पेटी थंड होती. बाराही आकडे शहाण्या मुलांसारखे एका ओळीत उभे राहिले. मॅडमनी सही केली. आता फक्त शुक्रवार उरला होता. शुक्रवारी विभागाची समिती गच्चीवर येणार होती. सूर्य मावळल्यावर सहा तास पेटीनं पन्नास अंशांच्या वर राहायचं... आणि राहिली नाही, तर पेटी उतरवायची, जागा दुसऱ्या गटाला द्यायची आणि मेणबाईनं नवा विषय शोधायचा. मॅडमनी हे तिला बसवून, शांतपणे, दोनदा सांगितलं होतं.

बुधवारी लख्ख ऊन पडलं. तिनं चाचणी सुरू केली आणि खाली नोंदयंत्रासमोर जाऊन बसली. तीस, चाळीस, एकोणपन्नास... आणि मग आकडे खाली यायला लागले. अठ्ठेचाळीस. सेहेचाळीस. दुपारी एकला चव्वेचाळीस! बाहेर ऊन चढतंय आणि आत आकडा उतरतोय.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आकडे वरून खाली दोनदा वाचले.

"उष्णता कुठून तरी गळतेय," शेवटी त्या म्हणाल्या. "शुक्रवारी हेच दिसलं, तर मला तुझी बाजू घेता येणार नाही गं."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. दोन वर्षं! ती गच्चीवर गेली, पेटीच्या सावलीतल्या बाजूला पाठ टेकून खाली बसली आणि लगेच "आई गं!" करून उठली. पेटी चटका देत होती.

ती थबकली. चव्वेचाळीस अंशांच्या मेणाची पेटी इतकी तापेल?

तिनं वरचं छोटं झाकण उघडून स्टीलची लांब पट्टी आत घातली. पट्टी थेट तळापर्यंत गेली, पाण्यात जावी तशी. तळापर्यंत मेण वितळलं होतं! चव्वेचाळीसला ते दगड असायला हवं होतं. मेणाला काही खोटं बोलता येत नाही. मग खोटं बोलतंय कोण?

दोन-दोन पायऱ्या सोडत ती खाली धावली. तो खोलीत अवजारं आवरत होता.

"लाल कुठे जोडलीस?"

"काय?"

"लाल तार! कुठे जोडलीस तू?"

"अधिकला," तो गोंधळून म्हणाला. "लाल अधिकलाच जाते ना. वरही आणि इथेही. दोन्हीकडे नीट बघून..."

"अरे, बॅटरीत! बॅटरीत लाल म्हणजे अधिक. तापमानाच्या या तारांत लाल म्हणजे उणे!"

त्यानं जोडणीकडे पाहिलं, मग छताकडे, जणू त्यातून वरची जोडपेटी दिसणार होती. आणि मग त्याचे डोळे पांढरे झाले.

"पण शनिवारी तर सगळे आकडे बरोबर होते!"

"कारण तू दोन्ही टोकांना उलटी जोडलीस. एकाच टोकाला उलटी असती तर लगेच कळलं असतं. दोन्ही टोकं उलटी आणि दोन्ही थंड, तर चूक दिसतच नाही. एक टोक तापलं की आकडा खाली. ऊन चढलं, जोडपेटी तापली... जितकी तापेल तितका आकडा खाली!"

ती बोलायची थांबली. आपण काय बोललो ते तिच्याच कानांवर जरा उशिरा पडलं.

त्यानं हातातली पक्कड खाली ठेवली आणि तो दाराकडे निघाला.

"कुठे?"

"मॅडमकडे. पेटी गळत नाहीये, मी चुकलोय, हे मी सांगायला हवं. तुम्ही नाही."

तो खरंच गेला. ती दाराआड उभी राहून ऐकत होती (ऐकायचं नसतं, पण ऐकलं). "तारा मी उलट्या लावल्या. तिच्या कामात खोट नाही." एवढंच. कारण नाही, सबब नाही. मॅडमचा आवाज चढला, उतरला, आणि शेवटी आला, "मग उभा काय राहिलास? बारा तारा, दोन टोकं, चोवीस जोड. उद्याच्या दिवसात!"

गुरुवारी दोघांनी चोवीस जोड उलगडले आणि पुन्हा बांधले. तो वर, ती खाली, मध्ये जिना.

"सात नंबर! लाल?" ती खालून ओरडायची.

"उणे!" वरून उत्तर.

"पिवळी?"

"अधिक!... एक विचारू?"

"आठ नंबर! विचार."

"तुम्ही काल मला 'तू' म्हणालात. तीनदा."

खाली पेचकस खणकन फरशीवर पडला.

"रागात होते मी," खालून आलं.

"आत्ताही 'विचार' म्हणालात."

"आठ नंबर! लाल?"

"उणे," वरचा आवाज हसत होता.

शुक्रवारी आकडा चढला, अठ्ठावन्नला पोचला आणि आडवा झाला. पडद्यावर रेघ अशी सरळ की पट्टीनं ओढल्यासारखी. समितीतले सगळ्यांत खडूस सर दर तासाला येऊन बघून जायचे आणि काही न बोलता परत फिरायचे. सूर्य मावळला. एक तास, दोन तास, चार. रेघ जागची हलेना. सहावा तास संपला तेव्हा पडद्यावर चोपन्न होतं. खडूस सर म्हणाले, "हं. जागा हिचीच." आणि निघून गेले. तिचा जीव भांड्यात पडला. मॅडमनी तिच्या पाठीवर थाप मारली, ती चांगलीच लागली, आणि त्याही समितीच्या मागे गेल्या.

तो अवजारांची पिशवी भरत होता. दोन आठवडे संपले होते. सोमवारपासून तो परत आपल्या विभागात, मैदानाच्या पलीकडे.

"निघतो," तो म्हणाला. "सॉरी. पुन्हा एकदा."

"चहा घेऊन जा." तिनं कप पुढे केला. कपावर गोल फोमचं झाकण होतं.

त्यानं झाकणाकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं.

"हे... तुम्ही टाकलं नाहीत?"

"खणात होतं."

"मला वाटलं, तुम्हाला मी अजिबात आवडत नाही. मी जेवढा जवळ यायचो, तेवढा तुमचा आकडा खाली. म्हणून मग मीही बोलणं बंद केलं."

"तेच तर." तिचे कान तापले होते, पण या वेळी तिनं मान फिरवली नाही. "माझी लाल तार उलटी. मी तापले की आकडा खाली जातो. लहानपणापासून. घरी विचार हवं तर, धाकटी मोजून सांगेल. आणि तूही बोलेनास... म्हणजे दोन्ही टोकं उलटी. मग कळणार कसं?"

तो हसला नाही. कप हळूच खाली ठेवला, झाकण नीट बसवलं.

"मग हे टोक मी आत्ता सरळ करतो," तो म्हणाला. "तू मला आवडतेस. त्या दिवशी रिळावर पाय ठेवलास ना, तेव्हापासून."

त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलेलं ते 'तू' तिनं आधी नीट ऐकून घेतलं.

"आणि तुझं?" त्यानं विचारलं. "आकडा किती?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर या वेळी सगळं दिसत होतं.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली. "केव्हाचा."