खिंडीतला तंबू

नवा तंबू खऱ्या वादळात तग धरतो हे जगाला दाखवायचं, म्हणून दोघं बहीणभाऊ बर्फाच्या खिंडीकडे निघाले होते.

भटक्यांचं सामान ऑनलाइन विकणारं त्यांचं दुकान म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. पुढे खोकी, दोरांची भेंडोळी, चिकटपट्ट्यांची रिळं. मागे ताईचं शिलाई मशीन. दुकानाच्या ब्लॉगवर धाकटा डोंगरदऱ्यांचे असे झकास किस्से रंगवायचा की वाचणाऱ्यांच्या उड्या पडायच्या. सामान मात्र सगळे दुसरीकडून घ्यायचे! दुकान बंद पडायला आलं होतं. ताईने स्वतः शिवलेला तंबू आणि त्याची वादळातली चित्रफीत, एवढीच काय ती आशा उरली होती.

"आणि वादळ आलंच नाही तर?" चढता चढता ताईने विचारलं.

"आपलं नशीब बघता, ते येणारच!"

आलं! खिंडीत तंबू जेमतेम उभा राहिला आणि वारा खवळला. कापड फुगलं, काठ्या वाकल्या, दोऱ्या कुरकुरल्या. पण एकही टाका उसवला नाही. ताईचा ऊर भरून आला. धाकटा कॅमेरा घेऊन बाहेर धावला.

"ताई, बघ तरी! जागचा हलत नाहीये!"

तेवढ्यात त्याच्या पायाखालचा बर्फ खचला. तो घसरला. गडगडत गेला. खडकावर आदळला! कॅमेरा दरीत नाहीसा झाला.

ताई धडपडत त्याच्यापर्यंत उतरली. त्याचा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता.

"उभं राहता येईल?"

"वेडी आहेस का?"

फोन लागत नव्हता. थांबावं तर दोघं गारठून मरणार, आणि त्याला उचलायची ताकद तिच्यात नव्हती. त्याचे ओठ निळे पडू लागले. ताई वर गेली, तंबू उपटून खाली घेऊन आली आणि तिने चाकू काढला.

"नको, ताई! दुसरा नाहीये आपल्याकडे!"

"भाऊ तरी कुठे दुसरा आहे? गप्प पड."

टर्रकन कापड फाटलं. तिने त्याच्या पट्ट्या केल्या, तंबूच्या काठ्या पायाला बांधल्या, तळाच्या जाड कापडात त्याला गुंडाळलं आणि ती ओढू लागली. ओढायचं. थांबायचं. पुन्हा ओढायचं! धुक्यात वाट चुकली, परत फिरावं लागलं. तळहात सोलून निघाले. उतार संपता संपेना, आणि आता इथेच बसावं असं तिला वाटू लागलं.

"झोपू नकोस! बोलत राहा. ब्लॉगवर लिहितोस तसं काहीतरी."

"ते सगळं उबेत बसून सुचायचं गं," तो पुटपुटला.

पुढे तो काहीच बोलला नाही. ती हाका मारत राहिली, ओढत राहिली. अंधारून येताना खाली रस्त्यावर दिवे दिसले. बर्फ हटवणारी गाडी! ताई घसा फाटेपर्यंत ओरडली.

चालकाने धाकट्याला उचलून गाडीत घेतलं, हीटर वाढवला आणि गाडी दवाखान्याकडे वळवली. बऱ्याच वेळाने धाकटा कण्हला. ताईने डोळे मिटून घेतले.

"असल्या हवेत वर कशाला गेला होतात?" चालकाने विचारलं.

"तंबू विकायचा होता."

"मग? विकला गेला?"

"फाडला," ती म्हणाली, आणि भावाचं डोकं तिने मांडीवर नीट घेतलं.