गोदामामागची गल्ली

मी दातांच्या कवळ्या बनवतो. दिवसभर समोर प्लास्टरचे साचे आणि मेण, कानाशी घासण्याच्या यंत्राची घरघर. कोणाच्या तरी हसण्याची सोय माझ्या टेबलावर होते, पण ते हसू मला कधी बघायला मिळत नाही. त्यामुळेच असेल कदाचित, सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवण झालं की मी कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडायचो.

मोठं काही टिपायची हौस नव्हती. मोर्चा, भांडण, अपघात असलं काही दिसलं की मी उलट रस्ता बदलायचो. गडबडीत कोणाच्या लक्षातही येत नाही, ते मला हवं असायचं. दुकानातली मुलगी गिऱ्हाईक नाही असं बघून काउंटरखाली चपला काढते आणि पायाची बोटं हलवते. दोन हमाल एकाच इअरफोनची दोन टोकं कानात घालून टेम्पोच्या फळीवर डोळे मिटून बसलेत. बायको म्हणायची, तू माणसं जागेपणी झोपलेली पकडतोस.

ती नर्स आहे. तेव्हा तिच्याकडे शुद्धीवर न आलेल्या रुग्णांचा वॉर्ड होता. तिथली माणसं महिनोन्महिने डोळे उघडत नाहीत. त्या थंडीत तिचे वडीलही त्याच वॉर्डात होते. बाबा शिंपी. मोरीत पाय घसरला, डोक्याला मार बसला आणि ते जे निजले ते निजलेच. नळीतून अन्न जायचं. ड्यूटीवर असली की ही दर फेरीला त्यांच्या कानाशी वाकून हाक मारायची. हिची धाकटी बहीण दूरच्या शहरात नोकरीला. ती रोज फोन करायची, फोन बाबांच्या उशीवर ठेवायला सांगायची आणि तिथून हाका मारायची. बाबांनी दोघींना लाडाची नावं धंद्यातलीच ठेवली होती. थोरली बटण, धाकटी काज.

तर त्याच दिवसांत मला ती गल्ली सापडली.

बाजाराच्या मागच्या अंगाला कापडाचं मोठं गोदाम आहे. त्याच्या भिंतीला लागून एक बोळ जातो. त्या बाजूने मी अनेकदा गेलो असेन, पण आत वळलो नव्हतो. त्या दुपारी ऊन तिरपं होतं आणि बोळाच्या टोकाला उजेडाचा एक पट्टा दिसत होता. वळलो. पुढे गल्ली. दोन्ही बाजूंना बुटकी घरं, दारं उघडी, प्रत्येक दाराला पायरी आणि पायरीवर माणसं. एकजण मटार सोलत होता. एक बाई मांडीवर आरसा ठेवून केस विंचरत होती. एक म्हातारी नुसतीच हात मांडीवर ठेवून बसली होती. कोणाला घाई नव्हती. कॅमेऱ्याकडे कोणी बघितलं नाही, हसलं नाही, तोंड फिरवलं नाही. मला तर घबाडच मिळाल्यासारखं झालं.

एक गोष्ट मात्र तेव्हाही जाणवली. तिथे आवाज नव्हता. बाजार हाकेच्या अंतरावर, पण एक हॉर्न ऐकू येत नव्हता. एका नळाखाली बादली होती. थेंब पडत होते, पाण्यावर वलयं उठत होती, आणि टपटप नाही. माझ्या कॅमेऱ्याचा खटका तेवढा दगड आपटल्यासारखा वाजला. वासही ओळखीचा होता. धुवून कडक वाळवलेल्या चादरी आणि स्पिरिट. घरी परतल्यावर लक्षात आलं, हिच्या एप्रनला येतो तो.

नंतरच्या सुट्ट्यांना मी तिथेच जात राहिलो. फोटो साठत गेले. एका संध्याकाळी ही लवकर मोकळी झाली, तेव्हा चहा घेता घेता मी तिला कॉम्प्युटरवर ते दाखवायला बसलो. मटारवाल्यापाशी तिने माझा हात धरला.

"हा कुठे भेटला तुला?"

मी सांगितलं. ती म्हणाली, हा माझ्या वॉर्डात आहे, दाराजवळच्या खाटेवर. पावसाळ्यापासून. मी हसलो, एकासारखा एक दिसतो म्हणालो. ती हसली नाही. तिने पुढचा फोटो बघितला, मग त्याच्या पुढचा. केस विंचरणारी बाई शिक्षिका होती, तिच्या भुवईवर टाक्यांचा व्रण होता आणि तो फोटोतही होता. काही जण तिच्या ओळखीचे नव्हते. म्हातारी तिने पहिल्यांदाच बघितली. बाकीचे सगळे तिचे. ती त्यांना रोज कुशीवर वळवत होती, त्यांचे डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी ती ड्यूटीवरून आली ती सरळ माझ्यासमोर बसली. दाराजवळच्या माणसाची नखं बघितली म्हणाली. आतून हिरवी होती.

जेवणं झाली. भांडी घासताना, पाठमोरीच, तिने विचारलं, "बाबा दिसले का रे तिथे?"

बाबा दिसले नव्हते. तसं सांगितलं. पुढच्या सुट्टीला ती माझ्याबरोबर आली. गोदामाला लागून बोळ होता, बोळाच्या टोकाला गल्लीही होती, पण टेम्पो उभे, गठ्ठे उतरवणाऱ्यांची आरडाओरड, दारांना कुलपं. आम्ही दोन चकरा मारल्या. मला ओशाळल्यासारखं झालं. ती मात्र शांत होती. म्हणाली, मी हाका मारणारी आहे, मला नाही दिसायची. तू एकटा ये. आणि भेटले तर एवढंच विचार, त्यांना परत यायचंय का.

हे विचारायला कारण होतं. डॉक्टरांनी दोघी बहिणींना सांगून ठेवलं होतं की छातीत कफ भरतोय, पुढे यंत्रावर ठेवायचं की नाही ते ठरवा. धाकटी ठेवा म्हणत होती. हिने इतकी माणसं यंत्रावर बघितली होती की हिचा निर्णय होत नव्हता.

मी गेलो. त्या दिवशी बोळातच बाजाराचा आवाज मागे पडला, कोणीतरी दार लोटून घ्यावं तसा. गल्लीत ऊन होतं. मटारवाला सोलत होता, शिक्षिका विंचरत होती. आणि डाव्या हाताच्या एका पायरीवर बाबा बसले होते. मांडीवर गडद निळा कोट, हातात ब्लेडचं पान. ते कोटाची शिवण उसवत होते. नाकात नळी नव्हती, पण ती जिथे चिकटवलेली असायची तिथे कातडी लाल होती.

"बाबा," मी म्हणालो.

"या," ते मान वर न करता म्हणाले. "बसा."

मी उभाच राहिलो. का, ते सांगता येत नाही. पाय दुखत होते, पायरी स्वच्छ होती, बसायला काही हरकत नव्हती. मी त्यांना विचारलं, घरी यायचंय का. ती वाट बघतेय.

बाबांचा हात थांबला. गल्लीतले सगळेच हात थांबले. पहिल्यांदाच त्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वाचनालयात कोणी मोठ्याने बोललं की माणसं बघतात, तसं.

"तिला सांगा..." बाबा म्हणाले. "हाका मारू नको म्हणावं. हाक आली की धागा तुटतो."

मग त्यांनी पुन्हा उसवायला घेतलं, आणि बाकीचेही आपापल्या कामाला लागले. मी एकच फोटो काढला आणि निघालो. चालत. पळावंसं वाटत होतं, पण पावलांचा आवाज होईल याची भीती वाटली.

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं, फोटो दाखवला. तिने बराच वेळ स्क्रीनवर बोट ठेवलं, बाबांच्या त्या लाल झालेल्या नाकावर. रडली, तोंड धुऊन आली, आणि बहिणीला फोन केला. गल्लीबद्दल काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की त्यांना आता त्रास नको, आपण हाका मारणं बंद करू. धाकटी भांडली, फोन आपटला, मग रात्री पुन्हा फोन करून बरं म्हणाली.

आठवडाही उलटला नाही. एका दुपारी, वॉर्डात चहा फिरत असताना, बाबा गेले. यंत्राचा प्रश्नच आला नाही. त्यांची मूठ मिटलेली होती. हिच्या सोबतच्या नर्सने ती उघडली तर आत दोऱ्याचा एक गुंता होता, गडद निळा. तिला वाटलं हिनेच ठेवला असेल, वडील शिंपी होते म्हणून. हिनेही तसंच वाटू दिलं.

धाकटी आली, दिवस उरकून परत गेली. हिने बदली मागून घेतली, डोळ्यांच्या विभागात. मी कॅमेरा कपाटात ठेवला. घर हळूहळू रुळावर येत होतं. मग एकदा ही वाळलेले कपडे घड्या घालत बसली होती आणि मध्येच थांबली.

"बाबा 'तिला' म्हणाले? 'बटणला सांगा' नाही म्हणाले?"

मी आठवून बघितलं. खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणालो. "तिला म्हणाले."

तिने हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली. म्हणाली, बाबा मला कधीच 'ती' म्हणाले नाहीत. डॉक्टरांसमोर, सासरच्या मंडळींसमोर, कुठेही नाही. लाज वाटायची मला. मग तिने टॉवेल बाजूला ठेवला आणि अगदी सरळ आवाजात विचारलं, "मग हाका नको कोणाला होत्या?"

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता मी गोदामामागे जाऊन आलो. टेम्पो, गठ्ठे, कुलपं. एका हमालाने काय पाहिजे विचारलं. काही नाही म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. तो रस्ता बंद झाला म्हणजे विषय संपला, असं मी धरून चाललो.

परवा संध्याकाळी धाकटीचा फोन आला. ही आत पोळ्या लाटत होती, म्हणून मी उचलला. आवाज खुशीतला होता, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. ती सांगत होती, "भाऊजी, तुम्ही इकडे आलात ना की कॅमेरा घेऊन या. आमच्या ऑफिसच्या मागे एक गल्ली आहे, मला आजवर माहीतच नव्हती. इतकं शांत... कोणी काही विचारत नाही, बोलत नाही. एक आजी आहेत, त्या सरकून बसल्या आणि मला जागा करून दिली."

तिचं ऑफिस हमरस्त्यावर आहे. तिथून तिचा फोन आला की बसचे भोंगे आणि खालच्या दुकानातली गाणीच जास्त ऐकू यायची. त्या संध्याकाळी तिच्या आवाजामागे काहीच नव्हतं.

"तू आत्ता कुठून बोलतेस?" मी विचारलं.

"इथूनच की. पायरीवर..."

पुढे ती काही बोलली नाही. फोन चालू होता. माझ्या चेहऱ्याकडे बघून ही पिठाच्या हातांनीच बाहेर आली, तिने फोन माझ्याकडून घेतला, एकच क्षण ऐकलं आणि हाका मारायला लागली. काज, ए काज, ऊठ, उभी राहा. तिच्या तोंडून एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. शेजारचे दार उघडून बघायला लागले.

मी तिच्या हातातल्या फोनला बाजूने कान लावून उभा होतो, म्हणून मलाही ते ऐकू आलं. एका वयस्कर बाईचा आवाज. अजिबात न चिडलेला, समजूतदार.

"हळू बोला..." ती म्हणाली. "आत्ताच बसलीये ती."