मास्तर वॉर्डात परतले

पाच दिवसांच्या प्रशिक्षणासाठी आलेली ती गडबडीत भलत्याच दारातून आत शिरली. आत एक माणूस गुडघ्यांवर बसून सरावाच्या रबरी पुतळ्याचा गळा उघडून बघत होता.

"या. दगावलेला नाही," तो मान वर न करता म्हणाला. "नुसता घसा बसलाय."

ती हसली नाही. पर्सच्या पट्ट्यावर तिची बोटं आवळली. त्यानं वर पाहिलं... आणि त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा विरली.

तो भूलतज्ज्ञ होता. तीन वर्षांपूर्वी वॉर्ड सोडून डॉक्टरांना शिकवू लागला, तेव्हापासून सगळे त्याला मास्तर म्हणत. ती एका छोट्या हॉस्पिटलात अकरा वर्षं फिजिशियन. चार महिन्यांपूर्वी एका बाईंच्या श्वासनलिकेत नळी घालताना तिचे तिन्ही प्रयत्न फसले, आणि बाई गेल्या. तेव्हापासून तशी वेळ आली की ती दुसऱ्या कुणाला तरी पुढे करायची. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी हे पाहिलं आणि तिचं नाव या प्रशिक्षणाला घातलं.

पहिले दोन दिवस पुतळ्याच्या गळ्यातही तिची नळी नीट बसेना. बाकीचे चहाला गेले की ती मागे राहायची. तोही राहायचा.

"मनगट वळवू नका. अख्खा हात उचला... हं, असा."

"पुतळा तक्रार करत नाही म्हणून बरं."

"करतो. फक्त माझ्याकडे."

आता मात्र ती हसली. कितीतरी दिवसांनी.

तिसऱ्या दिवशी तिनं त्याला त्या बाईंबद्दल सांगितलं. त्यानं समजूत काढली नाही, नुसतं ऐकलं. तिला तेच हवं होतं.

"तुम्ही शेवटची नळी कधी घातलीत?" तिनं विचारलं. "जिवंत माणसाला?"

तो पुतळ्याचा गळा पुसू लागला.

"तीन वर्षं झाली. एक जण गेला माझ्या हातून. लोकांना वाटतं, मला शिकवायची हौस... मी पळून आलोय."

"आणि मला परत पाठवताय?"

त्यानं नळी पुन्हा तिच्या हातात दिली.

शेवटच्या दिवशी तिची नळी पहिल्याच प्रयत्नात बसली. प्रमाणपत्र देताना त्यानं हळूच विचारलं, "फोन केला तर चालेल?"

"वॉर्डात गेलात, तर करा," ती बोलून गेली आणि बाहेर येऊन जीभ चावली.

फोन आला नाही. महिन्याभरात तिनं दोघांना नळी घातली, दोघंही वाचले. सांगावंसं फक्त त्यालाच वाटत होतं.

सातव्या आठवड्यात तो थेट तिच्या वॉर्डात उभा. हातात एक फॉर्म. इतक्या खंडानंतर पुन्हा काम सुरू करायचं, तर सहा आठवडे कुणा डॉक्टरच्या देखरेखीखाली काढायचे, असा नियम होता.

"इतकी हॉस्पिटलं सोडून इथं?"

"तुम्हीच कान उपटलेत. आता तुम्हीच शिकवा," तो म्हणाला. आवाज मात्र थट्टेचा नव्हता.

तिनं सही केली.

पाचव्या दुपारी एका माळ्याला आणलं, श्वास तुटत चाललेला. तिनं नळी घालायचं उपकरण त्याच्या हातात ठेवलं. त्याच्या कपाळावर घाम तरारला.

"मी इथंच आहे," ती म्हणाली.

नळी आत गेली. माळ्याची छाती वर आली... पुन्हा आली.

नंतर दोघं शेजारी उभं राहून हात धूत होते. साबण कधीच निघून गेला होता, तरी त्याचे हात पाण्याखालीच.

"सहा आठवडे संपल्यावरही मला इथं राहायचंय," तो म्हणाला.

"हॉस्पिटलात?"

"तुमच्याजवळ."

तिनं हात पुढे करून त्याचा नळ बंद केला. त्याची ओली बोटं आपल्या हातात घेतली.

"मग आधी ते 'तुम्ही' सोड," ती म्हणाली.